टाकीत कंदील नको

झरी, १० जानेवारी २०२५

चि. ईश्वरीस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

आश्रुबाचा टेम्पो गूळ घेऊन लातूरला निघालाय, त्याच्याजवळ ही चिठ्ठी देतो. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुझा भाऊ शिवकांत सांगतो ते अर्धंच.

तू बांधायला लावलेली गॅसची टाकी रुसली आहे. गुऱ्हाळाची मळी रोज घालतो, पण गॅस येईना, जनरेटर चालेना. वीज नाही म्हणून चरक बंद, तोडलेला ऊस वाळायलाय. मळीबरोबर चिपाडं जाऊन तळाशी गाळ बसला असावा. सोमवारी भोगीची सुट्टी आहे, तेव्हा झाकण काढून शिवकांतला आत उतरवतो.

घाबरू नकोस, आधी कंदील सोडणार आहे. माझे थोरले भाऊ महारुद्रदादा कंदील न सोडता जमिनीखालच्या पेवात धान्य काढायला उतरले, ते वर आलेच नाहीत. तेव्हापासून दिवा विझला तर आपल्या घरातलं कोणी खाली जात नाही. शिवकांतच्या बाबतीत मी ती चूक करणार नाही.

लोभ आहेच, तो बापाच्या हट्टासकट सांभाळ.

तुझे अप्पा

लातूर, १२ जानेवारी

ती. अप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

चिठ्ठी वाचली. शिवकांतला लगेच फोन केला, तर म्हणतो, अप्पांचा शब्द कसा मोडू, कंदील सोडणार हायेत की. अव्वालाही सांगितलं, माझा कागद येतोय तोवर थांबवून धर. पण तुम्ही लिहिलेलंच खरं मानता, म्हणून आश्रुबा परतायच्या आत हे खरडते.

अप्पा, कंदील सोडू नका. पेवातल्या कोंदट हवेत दिवा विझतो. टाकीतला गॅस जळणारा आहे, त्याच्यावरच तर आपला जनरेटर चालतो. तिथे दिवा विझणार नाही, भडका उडेल. आणि दिव्याशिवायही कुणाला उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला जाणाराही तिथेच राहतो. गाळ उपसणारे टँकरवाले बुधवारी येतील.

ऊस वाळला तर वाळू दे. टाकी बांधा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. तिच्यापायी भावाला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू? रागवा, पण एवढं ऐका.

तुमची ईश्वरी

झरी, १४ जानेवारी

चि. ईश्वरीस आशीर्वाद.

शिवकांत सुखरूप आहे, हे आधी सांगतो.

काल सकाळी कंदील पेटवून टाकीकडे गेलो, तर तुझी अव्वा झाकणावर ठाण मांडून बसलेली. भोगीची भाजीसुद्धा चिरली नव्हती. ऊठ म्हटलं, तर म्हणाली, पोरीचा कागद येईस्तोवर उठत न्हाई, लय घाई आसंल तर मलाच आत ढकला. मी ओरडलो आणि तसाच पुढे झालो. तेवढ्यात शिवकांतने माझ्या हातातला कंदील हिसकून लांब नेऊन विझवला. त्याने आजवर माझा शब्द मोडला नव्हता. मी हात उगारला होता, इतक्यात टेम्पो आला.

तुझा कागद तिथेच उभ्याने वाचला. दादांची आठवण म्हणून ज्या कंदिलाची काच मी इतकी वर्षं पुसली, त्यानेच बायको-पोराला जाळणार होतो.

टँकरवाल्यांची वाट बघतोय. ऊस शेजारच्या गुऱ्हाळाला दिला. कंदील मी उकिरड्यावर फेकला होता, अव्वाने आणून परत खुंटीला लावला. म्हणाली, त्याचा काय दोष, त्याला कुठं काय म्हाईत. मग माझ्याकडे बघून हसली.

तिळगूळ पाठवलाय. गोड बोल, पण मी ऐकेनासा झालो तर असंच कडू लिही.

तुझे अप्पा