भिंतीच्या या बाजूला

३ मार्च, सोमवार

आज मोठीच फजिती झाली!

मॅच संपता संपता भिंतीपलीकडे जोराचा ओरडा झाला. मला वाटलं, आपला गोल. पोरी बसमध्ये चढू लागल्या तसा मी एकेकीला ‘मुबारक, मुबारक’ म्हणत राहिलो. सलमा पायरीवरच थांबली. ‘अंकल, किसको मुबारक दे रहे हो? वो लोग जीते!’ मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि अख्खी बस हसली. हरलेल्या पोरी हसल्या – तेवढंच पुण्य. मी मात्र अल रय्यानला क्लबवर पोचेपर्यंत आरशात पाहिलं नाही.

चूक व्हायचीच. या मैदानात पुरुषांना प्रवेश नाही. लीग बायकांची, बघणाऱ्याही बायकाच. क्लबची बस इतकी वर्षं चालवतोय, पण एक मॅच डोळ्यांनी पाहिलेली नाही. भिंतीला लागून बस लावायची, काच खाली करायची आणि ऐकायचं. ओरडा दोन्ही बाजूंचा सारखाच असतो.

पण आता पडल्या पडल्या एक लक्षात आलं. आपली गोलकीपर जिक्रा बॉलवर झेपावताना ‘कीपर!’ म्हणून ओरडते. बॉल अडवला की लगेच आपल्याच पोरींना दटावायला लागते – कुठे होतात म्हणून. आज त्या ओरड्यानंतर ती गप्प होती. जिक्रा गप्प, म्हणजे गोल खाल्ला. एवढं साधं, आणि मला कळायला इतके दिवस!

५ मार्च, बुधवार

घरी फोन. आमच्या ज्ञानाला कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये घेतलं. तीही गोलकीपर! तेवीस तारखेला कोल्हापुरात मॅच आहे.

अण्णा नको म्हणतात. वडिलांमागे घर थोरल्या भावाच्या शब्दावर चालतं. मी इथे आखातात, म्हणून माझ्या लेकीचंही तेच ठरवतात. बायकोच्या, सरोजिनीच्या हातून फोन घेऊन म्हणाले, ‘काय रं राजा, आपल्या पोरीनं आता अर्ध्या चड्डीवर गावापुढं उड्या मारायच्या व्हय?’ मी म्हटलं, ‘बघू.’ मी नेहमी बघूच म्हणतो.

ज्ञाना फोनवर आली नाही. ‘अभ्यासाला बसलीय,’ सरोजिनी म्हणाली. मागे भिंतीवर बॉल आपटत होता.

१० मार्च, सोमवार

प्रॅक्टिसला निघालो आणि गर्दीत अडकलो. तिथेच मगरीबची बांग झाली, रोजा सोडायची वेळ. जिक्रा खजुरांचा डबा घेऊन पुढे आली. ‘अंकल, आपका भी रोज़ा है ना? सुबह से पानी नहीं पिया आपने.’

‘मेरा सोमवार है, बेटा. मैं भी शाम को छोड़ता हूँ.’

‘तो लीजिए. सूरज तो दोनों का डूब गया.’

मनात महादेवाचं नाव घेतलं आणि खजूर तोंडात टाकला. किती दिवसांनी उपवास कुणाच्या सोबतीनं सुटला. नाहीतर खोलीवर एकट्यानं केळं सोलायचं.

तिला ज्ञानाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘मेरे अब्बू भी पहले मना करते थे. अब भिंत के बाहर गाडी में बैठते हैं. वो सफ़ेद वाली.’ माझ्याकडून ऐकून ऐकून ‘भिंत’ म्हणायला शिकली आहे. ती पांढरी गाडी मी रोज पाहतो. आतला माणूसही काच खाली करून बसतो. मला वाटायचं, कुणाचा तरी ड्रायव्हर असेल.

१४ मार्च, शुक्रवार

गावी धुळवड. इकडे सुट्टी. दिवसभर कुणाशी एक शब्द बोललो नाही.

१६ मार्च, रविवार

जोतिबाच्या फोटोपुढे हात जोडले आणि अण्णांना फोन लावला. म्हटलं, ‘ज्ञाना मॅचला जाईल.’

अण्णा म्हणाले, ‘पाडव्यानंतर पाहुणे येणार हाईत बघायला. गुडघं फोडून घेतलं तर त्यांना दाखवायचं काय?’

‘गुडघेच दाखवायचे, अण्णा.’

तोंडातून गेलं! त्यांनी फोन ठेवला. जन्मात कधी त्यांना उलट बोललो नव्हतो.

१७ मार्च, सोमवार

सरोजिनीचा फोन. ‘अहो, काय बोललात तुम्ही? भाऊजी काल जेवले नाहीत.’ मलाही आज उपवास सोडावासा वाटला नाही. जिक्रानं डबा पुढे केला, म्हणून एक खजूर खाल्ला.

२२ मार्च, शनिवार

अण्णा सरोजिनीला म्हणालेत, ‘उद्या मी दारातच बसतो. कशी जाती बघू.’ म्हणजे संपलं. इथून मी काय करणार? शब्द पोचतो, माणूस पोचत नाही. देवा, पोरीला निदान रडू नको देऊस.

२३ मार्च, रविवार

दुपारी क्लबच्या आवारात बस धूत होतो. अण्णांचा फोन आला. ‘अण्णा, बोला’ – उत्तर नाही. नुसता गलका. खिशात चुकून लागला असणार. ठेवणार, तोच अगदी जवळून अण्णाच ओरडले, ‘ओ रेफ्री! डोळं घरी ठिवून आलाय काय?’

मी पाण्याचा नळ बंद केला.

लांबून एका पोरीची हाक – ‘कीपर!’ आणि मग मोठा ओरडा. कुणाचा, कळेना. मी फोन कानाशी घट्ट धरला.

मग ज्ञाना आपल्या पोरींना दटावायला लागली.