दुसऱ्या ट्रॉलीचा ओलावा

६ ऑक्टो., सोम.
नितीन सरांनी आज आधी इथे कोड लिहिणाऱ्या रिझवानची फाईल माझ्या नावावर टाकली. तो पुण्याला गेल्यापासून ती कुणी उघडलेली नाही. बाजार समितीच्या यार्डातल्या धान्य-आवक स्क्रीनची टेस्ट : स्क्रीन बरोबर चालली तर हिरवी, चुकली तर लाल. एकच लांब फंक्शन, चारशे ओळींच्या वर. नाव, गाडी नंबर, वजन, ओलावा, पावती, मग दुसरा शेतकरी, मग पुन्हा पावती. मध्ये कुठे थांबायला जागा नाही. टेस्टचं नाव 'नोंद नीट होते'. नीट म्हणजे काय, ते नाही.

सर : "चालून राह्यली तशी चालू दे. फक्त वाचता येईन अशी कर. पुढच्या सोमवारी यार्डात ट्रायल हाय, तोवर सगळं हिरवं पाह्यजे." दारातून वळून : "तुह्या कायम होण्याचंही मंग पाहू."

ट्रायलचं यार्ड म्हणजे अब्बांची अडत आहे तेच. ऑफिसात सांगितलेलं नाही. घरीही नाही. कुणी विचारलं नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
आधी काहीच बदलायचं नाही. नुसतं वाचत जायचं आणि जिथे विषय बदलतो तिथे एक रिकामी ओळ. दुपारपर्यंत तुकडे आपोआप दिसायला लागले. मग प्रत्येक तुकड्याची वेगळी टेस्ट, प्रत्येकीला कोरी स्क्रीन. फॉर्म भरण्याच्या त्याच त्या ओळी एका छोट्या फंक्शनमध्ये. रि.ने खऱ्यासारखी नावं घातली होती. ती 'शेतकरी १', 'शेतकरी २' केली, गाडी नंबरही त्या फंक्शनमध्येच टाकला. फाईल हलकी झाली. हे काम मला आवडतं. इथे लिहायला हरकत नाही.

एक तुकडा कोऱ्या स्क्रीनवर लाल झाला. दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव आहे, वजन आहे, ओलावा भरलेलाच नाही. तरी अपेक्षा 'ओलावा १४'. रि. विसरला असणार. भरायची ओळ घातली. हिरवी.

सर बघून गेले. "झकास."

८ ऑक्टो., बुध.
बसमध्ये तेच डोक्यात. स्क्रीनला चौदा मीच दिले आणि मग विचारलं, चौदाच आहेत ना? असली टेस्ट काही सांगत नाही.

आणि रि. विसरणाऱ्यातला नाही. डब्याचं झाकणसुद्धा खूण जुळवून लावायचा.

आल्या आल्या जुनी फाईल काढली. दोन्ही शेतकरी एकाच स्क्रीनवर, मधे काही पुसलेलं नाही. चालवली. ओलावा न भरता हिरवी. म्हणजे पहिल्याचा आकडा स्क्रीन दुसऱ्यासाठी तसाच ठेवते. मुद्दाम, की पुसायचा राहिला? कोडमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही.

रि.ला मेसेज केला. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही.

९ ऑक्टो., गुरु.
सकाळी रि.चं उत्तर : "नावं वाच ना बाई. दोघं भाऊ होते."

जुनी फाईल परत. खरंच. दोघांचं आडनाव एक, गाडी नंबर एक. मी मंगळवारी साफसफाईत नेमकं तेच काढून टाकलं होतं. टेस्टमध्ये खरी नावं म्हणजे हौस, असं मी धरून चालले.

रात्री जेवताना अब्बांना आडून विचारलं, एका ट्रॉलीत दोन भावांचं सोयाबीन आलं तर ओलावा दोनदा बघता का?

"कायले? वावर एक, ट्रॉली एक. सातबारे दोन म्हणून पावत्या दोन. मशीन एकदा लावलं का झालं."

"आणि मागून दुसऱ्याची ट्रॉली आली तर?"

"त्याचा माल वेगळा, त्याचा ओलावा वेगळा. मागच्याचा ओला अन् याचा वाळलेला असला, अन् मागच्याचाच आकडा याले लावला, तं याचा भाव उगाच पडला ना. मंग तो माह्या दुकानात उभा राहीन का?" पोळी मोडता मोडता थांबले. "काहून पुसून राह्यली?"

"असंच."

"असंच तू काई पुसत नाई, बेटा."

पुढे विचारलं नाही त्यांनी. आमच्या घरात हे बरं आहे.

१० ऑक्टो., शुक्र.
दोन छोट्या टेस्ट लिहिल्या. नावं पूर्ण वाक्यात.
'गाडी तीच असेल तर ओलावा कायम राहतो.' हिरवी.
'गाडी बदलली की ओलाव्याचा रकाना रिकामा होतो.' लाल.

म्हणजे स्क्रीन गाडी बघतच नाही. रि.च्या चारशे ओळींत दुसरी गाडी कधी आलीच नाही, म्हणून इतके महिने सगळं हिरवं. लांब फंक्शनमध्ये हे दिसलं नसतं. खरं तर माझ्या मंगळवारच्या तुकड्यांतही नाही.

सरांना दाखवलं.

"टेस्ट साफ करायले देल्ली होती, तू तं स्क्रीनच नापास करून राह्यली."

मी म्हटलं, स्क्रीनमध्ये एक अट घालावी लागेल, लिहून ठेवली आहे.

"ट्रायलच्या तोंडावर स्क्रीनले हात लावाचा नाई. ते लाल काढून टाक, मंग पाहू. ऑपरेटर आकडा पाहूनच भरते ना."

"रकान्यात आकडा आधीच असला तर कोण बघतो?"

सर माझ्याकडे वळले. "तुले यार्डातलं एवढं कसं माहीत?"

सांगावं लागलं. वडिलांची अडत तिथंच आहे.

"अरे बाप्पा. सांगतलं नाई कधी." मग हसले. "मंग तं बरंच हाय. शेतकऱ्याचा ओलावा जास्त दिसला का भाव कमी. नुकसान तुह्या अब्बाचं नाई."

थट्टाच होती. पण बसमध्ये लक्षात आलं, आता लाल काढली तर अब्बांच्या फायद्यासाठी काढल्यासारखं होईल, ती थट्टा राहणार नाही.

११ ऑक्टो., शनि.
रि.ची दोन्ही नावं परत घातली, आडनावासकट. दुसऱ्या ट्रॉलीसाठी तिसरं नाव आणि वेगळा नंबर. लाल टेस्ट काढली नाही, झाकलीही नाही. स्क्रीनची अट वेगळी पाठवली. ती घ्यायची की नाही हे सरांच्या हातात. खाली एवढंच लिहिलं : 'घेतली तर दोन्ही हिरव्या.'

सर आज कामरगावला, घरच्या लग्नात. फोन केला नाही. जे म्हणायचं ते तिथे लिहिलेलं आहे.

१२ ऑक्टो., रवि.
अब्बा चहा घेता घेता : "उद्या यार्डात नवं ॲप येऊन राह्यलं म्हणे. वाशीमच्या पोरायनं बनवलं."

"पोरींनीसुद्धा."

अब्बांनी कप खाली ठेवला. "मंग त्या दिवशीचं ते ट्रॉलीचं..."

"हो."

"चुकून राह्यलं का त्यात काई?"

"अजून ठरायचंय. उद्या दुसरी ट्रॉली आली की ओलाव्याचा रकाना बघा. आधीच भरलेला दिसला तर पुसा आणि मशीन लावा."

"मी पाहीन. बाकीच्या दुकानवाल्यायले कोण सांगीन?"



संध्याकाळी फोनवर उघडून पाहिलं. सरांनी टेस्ट आणि अट दोन्ही वाचल्या आहेत, तशी खूण दिसते. अट घेतलेली नाही. लाल काढायला सांगणारा मेसेजही नाही, आणि स्वतः त्यांना ती एका मिनिटात काढता आली असती.

आत्ता पुन्हा बघितलं. लाल आहे तिथेच आहे.