वस्तऱ्याची पाठ

ओनोमिची, जपान

चिसातो बाळा,

तुझ्या लग्नासाठी आजोबांचा गंजका वस्तरा काढला. धारेला खाच होती. आठवडाभर दगडावर घासून ती घालवली, चामड्यावर फिरवला, तेव्हा कुठे माझ्या मनगटावरचे केस अलगद उतरले.

किमोनोत नवरीची मान उघडी दिसते, म्हणून तिथली लव काढतात; ती बाबांनीच काढायची, हा तुझा हट्ट. आदल्या दिवशी तू दुकानातल्या खुर्चीत बसलीस, मी फेस लावला, पण तुझ्या मानेला धार टेकवायचा मेला धीरच होईना. मग वस्तरा उलटा धरून नुसती त्याची बोथट पाठ मानेवरून फिरवली.

"बाबा, लोण्यासारखा फिरतोय हो!" म्हणालीस.

आज लग्नाचे फोटो आले. मानेवरची लव जागच्या जागी! धार चालली की खरखर ऐकू येते, त्या दिवशी ती नव्हतीच. न्हाव्याची पोर तू, तुला कळलंच असणार. लबाड कुठली!

तू कळू दिलं नाहीस, मग मीही देत नाही. पत्र टाकत नाही.

तुझा बाबा