तिसऱ्या क्लॅरिनेटचे लांब सूर

३ मार्च, सोमवार
ऑफिसला गेलो. पाण्याच्या मीटरच्या तक्रारी होत्या, त्या पाहिल्या. येताना दूध आणि ब्रेड. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन. म्हणाले, तुम्हाला बरं वाटत असेल तर प्रॅक्टिस पुन्हा सुरू करू या का. मी म्हटलं, मला काय झालंय. मग म्हटलं, गुरुवारी येतो.

परिस्थिती कागदावर मांडतो, म्हणजे डोकं चालेल. आमचा चार क्लॅरिनेटचा ग्रुप. पहिला क्लॅरिनेट डॉक्टर. दुसरा गणिताच्या बाई. तिसरा मी. बास क्लॅरिनेट ही वाजवायची. ही डिसेंबरात गेली. मे महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. म्हणजे एक माणूस कमी. बाकी सगळं जागेवर.

निश्चय : चौथा माणूस घ्यायचा नाही.

६ मार्च, गुरुवार
प्रॅक्टिस. नेहमीप्रमाणे दवाखाना बंद झाल्यावर, वेटिंग रूममध्ये. मी सुचवलं की तिघांसाठी लिहिलेलं वाजवू. बाई म्हणाल्या, आहे कुठे ते? म्हटलं, शोधतो.

घरी येऊन कपाट पाहिलं. सगळं चौघांचं. क्लॅरिनेटच्या चौकडीसाठी मुळात लिहिलेलं फार नसतं. व्हायोलिनवाल्यांचं आणायचं, ऑर्गनचं आणायचं आणि आपल्या वाद्यांना बसवायचं. आमच्याकडे ते काम हीच करायची. जेवणाच्या टेबलावर बसून चौघांचे भाग हातानं लिहायची. अक्षर छापल्यासारखं. मी चहा करून द्यायचो. म्हणजे एका अर्थी ते आमचं दोघांचं काम.

१३ मार्च, गुरुवार
वाद्यांच्या दुकानातून तिघांसाठीची दोन पुस्तकं आणली. पहिलं शिकाऊंसाठी. पानापानावर बदकांची चित्रं. डॉक्टर म्हणाले, रंगवायचीपण आहेत का? दुसरं पुस्तक गंभीर आहे, पण सदोष. तिसऱ्याला पहिल्याइतकंच पळवलंय. लिहिणाऱ्याला तिसऱ्याचं काम माहीत नसावं. तिसऱ्याचं काम लांब सूर धरून ठेवणं. ही नेहमी म्हणायची, अहो, तुम्ही फक्त धरून ठेवा, पळायचं आमच्यावर सोडा.

दोन्ही पुस्तकं परत. दुकानदार बदकांचं घ्यायला तयार नव्हता. कोपऱ्यावर चहा सांडलाय म्हणाला.

२० मार्च, गुरुवार
उपाय सापडला. इतका सोपा की आधी सुचला कसा नाही. बास क्लॅरिनेटचा कागद आणि साध्या क्लॅरिनेटचा कागद वाचायला सारखाच. खुणा त्याच, बोटं तीच. तेव्हा हिचा भाग मी माझ्याच क्लॅरिनेटवर वाजवायचा. फरक एवढाच की सूर एक सप्तक वर येतात.

वाजवून पाहिलं. सूर एक सप्तक वर आले. डॉक्टर म्हणाले, इमारतीचा पाया तिसऱ्या मजल्यावर गेलाय. बाई हसल्या, मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

शिवाय हिच्या भागात सूर फार आहेत. बास म्हणजे धम् धम्, अशी माझी समजूत होती. इथे श्वास घ्यायला जागा नाही. ही हौशी होती, वाढवून लिहिलं असणार. मी जमेल तेवढे घेतले.

एक गोष्ट उत्साहाची. मी बासवर गेल्यामुळे तिसरा भाग कोणीच वाजवत नव्हतं. बाई म्हणाल्या, त्याचं फारसं जाणवत नाही. म्हणजे तो भाग इतकी वर्षं चांगला मुरलाय.

२९ मार्च, शनिवार
सप्तकाचा प्रश्न सोडवायचा तर हिचंच वाद्य वाजवायचं. पेटी उघडली. जोडणी जमली. एक भाग उलटा बसला होता, तो काढताना अंगठा चिमटला. दुपारभर सराव. जाडे सूर उत्तम येतात. मधले कधी चिरकतात, पण वाद्य बंद होतं, त्याला सवय राहिलेली नाही.

खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. विचारत होते, कपाट सरकवायला मदत हवी का. म्हटलं, नको. आवाज खालपर्यंत पोचतो, हे कळलं. हॉलसाठी तेच हवं.

निश्चय : रोज सराव. सबब चालणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
सराव नाही. ओठ सुजलाय.

७ एप्रिल, सोमवार
सराव नाही. ऑफिसात ऑडिट. मनातल्या मनात वाजवलं. मनात सगळं जमतं.

१० एप्रिल, गुरुवार
बास घेऊन प्रॅक्टिसला. डॉक्टर म्हणाले, दम चांगला आहे तुमचा. बाई म्हणाल्या, आतल्या खोलीत कुणाची तरी दाढ निघतेय असं वाटतं, जागेला शोभतंय. एक पेशंट विसरलेली छत्री न्यायला आले होते. दारातूनच परत फिरले. छत्री तिथेच आहे.

एकूण प्रगती आहे.

१७ एप्रिल, गुरुवार
डॉक्टरांनी मला न विचारता एक माणूस आणला. पोलीस बँडमध्ये आयुष्यभर बास क्लॅरिनेट वाजवून रिटायर झालेला. वाद्य सरकारी होतं, जमा करावं लागलं. बँडवाले मला म्हणाले, साहेब, हात लावू का? नाही म्हणायचं ठरवलं होतं. तोपर्यंत वाद्याचा पट्टा माझ्या गळ्यातून निघून त्यांच्या गळ्यात गेला होता. मीच काढून दिला असावा.

एक लांब सूर लावला त्यांनी. तो हिचा आवाज नव्हता. लिहून ठेवतो, नव्हता.

मग हिचा कागद समोर ठेवून सुरुवात केली. थोड्या वेळानं थांबले. म्हणाले, हे कुणी लिहिलंय हो? बासचं काम करता करता हा गडी वरच्याचंही काम करतोय. हे सगळं तिसऱ्याचं आहे. तिसरा कुठाय मग? वाकून माझ्या स्टँडवरचा कागद पाहिला आणि म्हणाले, हे तर रजेवर आहेत. डॉक्टर उठून दातांचं पोस्टर सरळ करायला लागले. ते सरळच होतं.

मी समजावलं की आमच्याकडे रचना अशीच असते. बँडवाले म्हणाले, असेल, पण माझ्यानं नाही व्हायचं. हे वाजवणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

मी पाहिलाय.

२४ एप्रिल, गुरुवार
बँडवाल्यांनी त्याच रचनांच्या, दुसऱ्या कुणी चार क्लॅरिनेटसाठी बसवलेल्या छापील प्रती आणल्या. छापीलमध्ये बास धम् धम्. माझी समजूत बरोबर होती. तिसऱ्याचं पान मात्र काळंकुट्ट. आधी वाटलं फोटोकॉपी बिघडलीय. नाही, सूरच तितके आहेत.

घाबरण्यासारखं काही नाही. इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

निश्चय : एकेक ओळ घ्यायची. पंधरवड्यात पान बसेल.

३० एप्रिल, बुधवार
पहिली ओळ. अजून पहिलीच. क्लॅरिनेटची रीड, तोंडाजवळची पट्टी, जुनी आहे.

२ मे, शुक्रवार
नवी रीड. पहिली ओळ.

८ मे, गुरुवार
दर वेळी त्याच जागी गाडी अडली. बँडवाले म्हणाले, हळू घेऊ साहेब, घाई नाही कुणाला. हळू घेतलं. अजून हळू घेतलं. शेवटी इतकं हळू की पुढच्या सुरापर्यंत मागचा विसरायला होत होता. तरी अडली.

निघताना बाई माझ्याबरोबर बस स्टॉपपर्यंत आल्या. त्यांचं घर उलट्या दिशेला आहे. म्हणाल्या, तुम्हाला सांगायलाच हवं आता, नाहीतर तुम्ही असेच झिजाल. प्रत्येक रचना ती आधी बदलून घ्यायची. तिसऱ्याचं अवघड ते सगळं स्वतःच्या बासमध्ये ओढायची, तुम्हाला लांब सूर ठेवायची. मग घरी रात्रंदिवस त्याचा सराव करायची.

तो सराव मी ऐकलाय. मला वाटायचं हिला बास जड जातंय. मी तिला धीर द्यायचो.

विचारलं, कधीपासून. म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. आम्हा दोघांना दम दिला होता, ह्यांना कळलं तर याद राखा. तुम्ही चुकीचं नका घेऊ. तिला तुम्ही शेजारी बसायला हवे होतात, एवढंच.

मी म्हटलं, मला माहीत होतं. बाई म्हणाल्या, हो का. बस आली.

९ मे, शुक्रवार
आज खूप विचार केला. हिचे कागद आहेतच. त्यांत माझा भाग मला येतो, बिनचूक येतो. फक्त ते बास वाजवू शकणारा माणूस हवा. असा माणूस कुठे तरी असणार. जाहिरात द्यावी का?

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. जाहिरातीचं बोललो नाही. म्हटलं, हिचं वाद्य बँडवाल्यांकडेच राहू दे. माझ्या जागी कुणी पाहा. नुसतं पडून खराब होण्यापेक्षा, असंही म्हटलं. हे वाद्याबद्दल होतं. डॉक्टर म्हणाले, अहो, असं कसं, तुम्ही आमचे आहात. मग लगेच म्हणाले, बँडवाल्यांच्या ओळखीचा एक आहे. म्हणजे पाहून ठेवला होता.

१८ मे, रविवार
कार्यक्रम झाला. सकाळी हॉलमध्ये खुर्च्या लावायला गेलो. चार स्टँड मांडले. लोक बरे आले. मी तिसऱ्या रांगेत, कडेला बसलो.

सगळ्या रचना ओळखीच्या. तिसरा भाग पहिल्यांदाच त्याच्या जागी ऐकला. छान आहे. बासला काही विशेष नव्हतं.

शेवटी डॉक्टर माइकवर हिच्याबद्दल दोन शब्द बोलले. हिनं चार क्लॅरिनेटसाठी कितीतरी रचना बसवल्या, असं म्हणाले. त्या आता कोणी वाजवू शकणार नाही, हे म्हणाले नाहीत. बरोबर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर सगळे कॉफीला चालले होते. बँडवाले म्हणाले, चला की साहेब. म्हटलं, पोट ठीक नाही.

घरी आलो. शर्टाची कॉलर मळली होती. साबण लावून घासली, शर्ट पिळला आणि गॅलरीत वाळत घातला.