पेडलबोर्डावर तेलाचा हात

सोमवार, दि. ३ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची कळवली, ती आधी दुरुस्त करते. थोरल्या गिटारवाल्याचं पेडल भर कार्यक्रमात सुटून पडलं, ते त्याच्या धाकट्या भावाने वायर ओढली म्हणून, असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. ते माझ्यामुळे सुटलं. वायर ओढताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. मी काम करते त्या वाद्यांच्या दुकानात सगळे तसं म्हणत होते आणि मलाही ते सोयीचं वाटलं.

मामीने विचारलं होतं की पेडल म्हणजे शिलाई मशीनचं का. तिला सांगा, तसं नाही. साबणाच्या डबीएवढ्या लोखंडी डब्या असतात. वाजवता वाजवता पायाने दाबायच्या, की गिटारचा आवाज बदलतो. एकीने घुमतो, एकीने खरखरतो. अशा पाच-सहा डब्या एका उतरत्या फळीवर पक्क्या बसवतात, म्हणजे सगळा संसार एकदम उचलून नेता येतो. त्या फळीला पेडलबोर्ड म्हणतात. डब्या बसवायला सँडलच्या पट्ट्याला असतं तसलं वेल्क्रो लावतात. लवेची पट्टी फळीवर, खरखरीत पट्टी डबीच्या बुडाला.

ही फळी मी स्वतः केली होती. रंधा मारला, पॉलिश पेपर घासला, दोन दिवस जवसाच्या तेलाचा हात दिला आणि मग पट्ट्या लावल्या. तुमच्या कारखान्यात लाकडी पेट्यांना आधी तेल आणि मग बिजागरी, तसंच. हातांनी विचार न करता केलं. पण बिजागरी स्क्रूने बसते आणि वेल्क्रो गोंदाने, हे हातांना कोण सांगणार?

स्टेजवरच्या दिव्यांनी फळी तापली. गाणं निम्म्यावर आलं असताना घुमणारी डबी पट्टीसकट निघाली, स्टेजच्या कडेवरून खाली गेली आणि आवाज बंद पडला. थोरल्याने सगळ्यांसमोर धाकट्याला सुनावलं की, लहानपणापासून तुझ्या हातात वस्तू टिकतच नाही. धाकटा अकरा वर्षं त्याच्या वायरी आणि आवाज सांभाळतोय. त्याने हातातली वायर गुंडाळून नीट खाली ठेवली आणि निघून गेला. तीन आठवडे झाले, दोघांत अक्षर नाही.

काल तो बोर्ड दुरुस्तीला आला. डबीच्या बुडाची पट्टी जागच्या जागी होती. फळीवरची मात्र साफ निघाली होती. मी तिची चिकट बाजू नाकाशी धरली आणि मामा, मला तुमच्या कारखान्याचा वास आला.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. मालकीणबाईंनी जूनपासूनच हे काम माझ्या एकटीवर सोपवलं आहे. त्या काय म्हणतील, याहून तुम्हाला काय वाटेल याची भीती जास्त आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला दोनदा ओरडून सांगवणार नाही, म्हणून पत्र.

रागावलात तरी उत्तर पाठवा.

तुमची
मोजपट्टी


शनिवार, दि. ८ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामी वाचून दाखवत होती. साबणाच्या डबीपाशी हसली आणि वासापाशी थांबली. पुढचं मी स्वतः वाचलं.

रागावलो नाही. तेल दिलेल्या लाकडावर गोंद लावणारी बाई साऱ्या गावात सापडली नसती. ती आमच्याच घरात तयार व्हायची होती. आपल्याकडे गोंदाला उंबऱ्याच्या आत घेतलेलंच नाही, तर तुला कळणार कुठून? मी तुला क्रम शिकवला, त्याचं कारण शिकवलं नाही. बिजागरीखालचं लाकूड ओल पिऊ नये म्हणून आधी तेल, एवढंच कारण. माझ्या वडिलांनी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तेव्हा निम्मी चूक माझी. ती मी घेतो. पण उरलेली निम्मी तुझी आहे आणि ती घेऊन तुलाच जावं लागेल. मामाचं नाव पुढे करून मागे लपू नकोस.

फळीचं असं कर. वरचा थर रंध्याने काढ, कोरडं लाकूड लागेपर्यंत. स्पिरिटने पूस, एक दिवस तशीच राहू दे. पट्टीखाली तेल नको, बाकी सगळीकडे दे. घुमणाऱ्या डबीचा मात्र मला भरवसा नाही. सायकलवाल्याकडून जुन्या चेनच्या चार कड्या आण. कडीला दोन भोकं असतात. एकातून डबीच्या बुडाचा स्क्रू, दुसऱ्यातून फळीत स्क्रू. गोंदाच्या बापालाही हलवता येणार नाही.

आता दुसरं. तुला ठाऊक नसेल, तुझी आई आणि मी दीड वर्ष बोलत नव्हतो. माझा छोटा रंधा हरवला होता आणि तिने तो कुणाला तरी दिला, असं मी पाहुण्यांसमोर म्हणालो. तो मला माझ्याच पेटीत सापडला. सापडल्यावरही मी आठ महिने गप्प बसलो. योग्य वेळ शोधत होतो म्हणे! त्या आठ महिन्यांत तू चालायला लागलीस. ते पाहायला मी नव्हतो.

नक्की कधी सांगणार, ते कळव. "लवकरच" असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

मामीचे आशीर्वाद. दोन्ही वेळा जेवतेस ना, असं विचारते आहे.

तुझा
मामा


बुधवार, दि. १२ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. रंध्याचं वाचून मी आईला फोन केला. तिने तेवढा भाग मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली की, ते आठ महिने होते हे मला माहीत नव्हतं, मला वाटलं होतं सापडल्याबरोबर तो सांगायला आला. एवढंच म्हणाली आणि तुमचा खोकला कसा आहे ते विचारलं. मी तुमचं गुपित फोडलं का? तसं असेल तर माफ करा. ते गुपित आहे असं तुम्ही लिहिलं नव्हतं.

तुमच्या पत्राआधीच मी एक तपासणी लावली होती. उगाच स्वतःवर आळही मला घ्यायचा नव्हता. एकाच फळीचे दोन तुकडे, एकाला तेल, एक कोरडा. दोन्हींना पट्टी लावून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टांगल्या आणि दिव्याखाली ठेवल्या. तेल दिलेल्या तुकड्याची बाटली चार तासांत खाली आली. कोरड्या तुकड्याची अजून लटकते आहे. शंका उरली नाही.

मालकीणबाईंना आज सकाळी सांगितलं. त्यांनी फळी हुंगली आणि म्हणाल्या की, तरीच दुकानाला क्रिकेटच्या बॅटचा वास येत होता. मग गंभीर होऊन म्हणाल्या की, बोर्ड दुकानाच्या खर्चाने दुरुस्त होईल, पण सांगायला तूच जायचंस. काम माझ्याकडेच ठेवलं आहे. मी कोपऱ्यात जाऊन थोडं रडले आणि मग चेनच्या कड्या रॉकेलमध्ये धुऊन, काल रंधून ठेवलेल्या फळीवर डबी त्यांनी पक्की केली. बोर्ड उलटा धरून हलवला, तर मीच हलले, डबी नाही.

मालकीणबाईंकडूनच कळलं की धाकट्याने दुसऱ्या एका बँडबरोबर सहा महिन्यांच्या दौऱ्याचं काम धरलं आहे. शुक्रवारी तो निघतो. खरं कळल्यावरही तो जाईल कदाचित. ते त्याचं त्याने ठरवावं. पण हातात वस्तू टिकत नाही, हे वाक्य बरोबर घेऊन त्याने जाऊ नये.

काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. नऊ वाक्यं झाली होती. त्यांतली सहा माझ्या सफाईची होती, ती खोडली. आधी धाकट्याकडे जाईन, कारण बोल त्याने ऐकले. मग तिथून बोर्ड घेऊन थोरल्याकडे. धाकटा बरोबर आला तर चांगलंच, नाही आला तर एकटी.

दोन्ही वेळा जेवते, असं मामीला सांगा. आज एकदाच जेवले, तेही सांगा. तुम्ही दोघं आहात तशीच माझ्यावर माया ठेवा, आणि उद्या सकाळी साडेनऊला माझी आठवण काढा. मी तेव्हा धाकट्याच्या दारात उभी असेन. उद्या, गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर.

तुमची
मोजपट्टी