शहाडचा जुना नंबर

४ जानेवारी १९९९, कोपर
झालं! वधू-वर मंडळाची वेबसाइट अखेर माझ्या गळ्यात. अध्यक्ष देवरामकाका पेढा हातावर ठेवून म्हणाले, "नंदा, तू कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतेस, तूच सांभाळ. पासवर्ड मलासुद्धा सांगू नकोस." ऐंशी स्थळं! एकेक थोबाड असं की बघवत नाही. आणि फोटो इतके जड — एक उघडेपर्यंत चहा उकळून होतो.

९ जानेवारी
पासवर्ड बदलला. कुणाच्या बापाला सापडणार नाही.

१७ जानेवारी
सगळे फोटो हलके केले. साइट कशी पटापट उघडते आता! एक फोटो सोडून — सरोजचा. माझी धाकटी बहीण. सत्तावीस वर्षांची, नाकीडोळी नीटस, सगळ्यांची लाडकी. तो होता तसाच जड ठेवलाय. मोजून पाच मिनिटं लागतात. फोनचं बिल चढवत कोण थांबतंय!

मुद्दाम केलं. इथे खोटं कशाला लिहू? ती नांदायला गेली की या घरात मी आणि आई. आईचं अर्धं अंग गेलेलं. भरवायचं, पुसायचं, चादरी धुवायच्या. चौतीस वर्षांच्या थोरलीला आता कोण मागणार, म्हणून सगळं माझ्याच माथी. माझं नाव मी पहिल्याच दिवशी यादीतून उडवलं.

३१ जानेवारी
आज सगळ्यांचे पत्ते, फोन तपासले. बदलले ते दुरुस्त केले. आम्ही दिवाळीत शहाडहून इथे कोपरला आलो, तेव्हा नंबरही बदलला. सरोजच्या माहितीत मात्र शहाडचाच राहू दिला. तो बंद झालाय. वाजवत बसा!

२० फेब्रुवारी
सरोजने विचारलं, "ताई, माझ्यासाठी काहीच आलं नाही का गं?"
मी म्हटलं, "फोटोत तू जरा जाड दिसतेस."
दोन दिवस झाले, रात्रीची जेवत नाही. मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

७ मार्च
देवरामकाकांना साइट स्वतः उघडून बदल करायचेत म्हणे. "काका, पासवर्ड फुटला तर कुणीही घुसेल, मुलींच्या फोटोंचं काय होईल?" असं म्हटल्यावर पटलं त्यांना! माझी पाठ थोपटून गेले.

१८ एप्रिल
सकाळी दारात एक म्हातारी. काखेत वही.

"जय भीम. सरोज कोण? मी भीमाबाई, शहाडवरून आलेय. तुमचा जुना नंबर आता माझ्याकडे हाय. अगं पोरी, किती फोन तुझे! मी म्हणते राँग नंबर, तरी लोक नाव-गाव सांगत बसतात. म्हटलं, कुणाच्या पोरीचं नुकसान नको. नातीकडून सगळं लिहून घेतलं. पत्ता मंडळातून काढला."

नंबर बंद झाला नव्हता! तो दुसऱ्याला देतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि म्हणे मी कॉम्प्युटर शिकवते!

सरोजने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग मला म्हणाली, "सगळ्यांचे नंबर तूच तपासतेस ना, ताई?"
"राहून गेला गं."
आई खाटेवरून बघत होती. वही सरोजने स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२ मे
वहीतल्याच एका स्थळाकडची माणसं ठाण्याहून येऊन गेली. पसंती. पोहे मीच केले. मीठ जास्त घातलं, तरी चाटूनपुसून खाल्ले मेल्यांनी!

२४ मे
सरोजने वहीचं एक पान फाडून माझ्यापुढे टाकलं. "वाच."

'जगन, कोपरी, शिक्षक. साइटवर मुलीची थोरली बहीण अविवाहित आणि आई आजारी असं लिहिलंय. थोरलीसाठी विचारतात. आईला सोबत आणलं तरी चालेल म्हणतात. चार वेळा फोन.'

"मी त्यांना एप्रिलमध्येच फोन केलेला," सरोज म्हणाली. "सांगितलं, ताईचं ठरलंय. काल त्यांचं लग्न लागलं."