सी.ई. नको

जळगाव,
४ ऑगस्ट २०२५

ती. आबांस, सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचे कान दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या टर्बाइनने नेले, म्हणून फोन सोडून पत्र लिहिते. आईला आधी दाखवू नका, ती जेवण सोडून बसेल.

माझं चित्त थाऱ्यावर नाही. एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हॉलंडच्या एका फळरस कंपनीसाठी पाइपलाइन तयार झाली आहे आणि तिचे सगळे कागद माझ्याकडे आहेत. पाइपांतून फक्त थंड पाणी जाणार, दाबही कमी. युरोपच्या नियमात हे सगळ्यांत कमी धोक्याचं काम. त्याला एवढंच लागतं की कारागिरी चांगली हवी, बनवणाऱ्याचं नाव हवं आणि वापरणाऱ्याला समजेल अशी माहितीची पुस्तिका हवी. सी.ई.चा शिक्का मोठ्या धोक्याच्या कामाला असतो, आमच्यासारख्या कामावर तो मारायचाच नाही, असं नियमात स्पष्ट आहे.

पण आमच्या हितेंद्रशेठनी सगळ्या नेमप्लेटांवर तो मारून ठेवला आहे. शिक्क्याशिवाय माल हलका दिसतो म्हणतात. कपाळावर गंध जास्त लागलं म्हणून कुणी देवळातून हाकलत नाही, हे त्यांचं म्हणणं. शिक्का मारला की सोबत हमीपत्र लागतं आणि त्यावर सही माझी. पाइप खरे आहेत आबा, पण हमी खोटी होईल. मी सी.ई. नको म्हणून अडून बसले आहे. सही केली नाही तर नोकरी राहील असं दिसत नाही. रात्री तीन-तीनदा उठून पाणी पिते.

आईला जयभीम. लोभ आहेच, या दिवसांत थोडा जास्त लागेल.

आपली,
मृणाली

देवपूर, धुळे,
८ ऑगस्ट २०२५

चि. मृणालीस, अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून पांझरेच्या पुलावर माझ्या येरझाऱ्या चालू आहेत. आईने विचारलं, पुलाची राखण कधीपासून घेतली, म्हणून तिला सांगावं लागलं. ती जेवली, काळजी करू नको. मीच अर्ध्यावर उठलो.

तुझा शेठ भलताच धीट दिसतो. आमच्या दीपनगरला सी.ई.ला न दाखवता त्यांचा शिक्का कुणी मारला असता, तर त्याच दिवशी गेटबाहेर गेला असता. चीफ इंजिनिअर म्हणजे खेळ नाही. तू म्हणतेस बारीक कामाला सी.ई. लागत नाही, असेल. पण मोठ्या साहेबाच्या नजरेखालून गेलेलं काम कधीही बरं. नेहेते साहेब आमचे सी.ई. होते, निवृत्तीनंतर भुसावळलाच राहतात. उद्या जाऊन त्यांना तुझ्या शेठशी फोनवर बोलायला लावतो. तू एकटी पडलीस असं समजू नको, आणि तोवर गप्प राहा.

आईचे आशीर्वाद. लोभ आमच्याकडे भरपूर आहे, लागेल तेवढा घे.

तुझे आबा,
पितांबर

जळगाव,
१४ ऑगस्ट २०२५

ती. आबांस, सप्रेम जयभीम. वि. वि.

ध चा मा झाला आबा. युरोपचा सी.ई. म्हणजे माणूस नाही. ती मालावर उमटवायची खूण आहे, माल त्यांच्या नियमांत बसतो एवढं सांगणारी. तुमचं पत्र माझ्या हाती पडलं तोवर नेहेते साहेबांचा फोन होऊन गेला होता. कोणत्या सी.ई.च्या परवानगीने शिक्का मारला, असं त्यांनी शेठना दरडावून विचारलं. शेठना वाटलं, थेट युरोपची तपासणी आली. दुपारच्या आत सगळ्या प्लेटा ग्राइंडरखाली गेल्या. हॉलंडला विचारून घे, हेही मला स्वतःच म्हणाले. तिकडच्या इंजिनिअरने कळवलं की शिक्का नकोच, पुस्तिका तेवढी पाठवा. माल काल खऱ्या कागदांनिशी गेला.

मग फोन कुणाचा होता ते शेठना कळलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, तू बरोबर होतीस, पण कारखान्यातली गोष्ट चावडीवर नेणारं माणूस मला चालत नाही. एक तारखेपासून येऊ नको.

मला राग आला आहे, आणि शेठपेक्षा तुमचा जास्त आला आहे. मी एकटी अडून बसले होते, ते माझं मला निभावू द्यायचं होतं. चीफ इंजिनिअर आठवला की हसू येतं आणि मग रडूही येतं. आता कृपा करून शेठकडे जाऊ नका, कुणा साहेबाकडेही जाऊ नका. २४ तारखेच्या रविवारी घरी येते.

लोभ ठेवा, पण तो घेऊन कुणाच्या दारी जाऊ नका.

मृणाली

देवपूर, धुळे,
१८ ऑगस्ट २०२५

चि. मृणालीस, अ. उ. आ. व जयभीम.

पत्र वाचलं आणि मी पिशवी उचलली. जळगावला जाऊन शेठच्या हातापाया पडणार होतो. तुझ्या आईने पिशवी ओढून घेतली. पोर शहाणी शे, तिले राहू द्या, एवढंच म्हणाली. वर विचारलं, तिने ज्याला नाही म्हटलं त्याला तुम्ही जाऊन हो म्हणणार का. मी खाली बसलो.

तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. पण काल पुलावर उभा असताना एक गोष्ट लक्षात आली. साहेबाला विचारल्याशिवाय मी नोकरीत कधी साधा वॉल्व्हही फिरवला नाही. बरोबर काय ते कळत असलं, तरी आधी केबिनकडे बघायचो. तू कुणाकडेही न बघता नाही म्हणालीस. ते वाचून मला धडकी भरली आणि मी तुझ्यासाठी साहेब शोधायला निघालो. भीती माझी होती पोरी, तुझी नव्हती.

दर वेळी तुला घ्यायला मी तासभर आधी स्टँडवर येऊन बसतो. या रविवारी येणार नाही. फार जड जाईल, पण घरीच बसेन. तुझी तू ये.

रागावली असलीस तरी चालेल, लोभ तेवढा सोडू नको.

तुझे आबा